न घेतलेली सुट्टी

कोमांगने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इस्पितळात, औषधांच्या खिडकीसमोर फरशीवर उकिडवी बसले होते. गुडघे पोटाशी आवळलेले, कपाळावर घाम, केसांचा पार अवतार. प्रेमकथेची सुरुवात जरा बरी दिसावी म्हणून मी हे बदलून सांगितलं असतं. पण तो स्वतःच सगळ्यांना हे रंगवून सांगत सुटतो, तेव्हा लपवून उपयोग नाही.

“बाकं रिकामी आहेत,” डोक्यावरून आवाज आला.

“दिसतायत मला. फरशी गार आहे.”

तो दोन क्षण उभा राहिला, आणि मग माझ्या शेजारी फरशीवर बसला. म्हणाला, खरंच गार आहे. मी मान वळवून पाहिलं. सावळा, रुंद मनगटांचा, आणि कोपरापर्यंत हातांवर सोनेरी भुकटी चमकत होती. लग्नाच्या मांडवातून पळून आलेला नवरदेव वाटला मला. नंतर कळलं की ती काशाची भुकटी होती. पलीकडच्या डोंगराखाली घंटा आणि हातोडीने वाजवायच्या वाद्यांच्या पट्ट्या ओतणाऱ्यांचं गाव आहे, तो तिथला.

माझा नंबर चौसष्ट होता, त्याचा एकोणीस. त्याने काही न विचारता माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि आपली दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाला, “वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलोय. रक्तदाब त्यांचा आहे… मी थांबू शकतो.”

मला हसू आलं आणि हसल्याने पोटात आणखी कळ आली. औषध घेऊन निघताना पाहिलं, तर तो माझी चौसष्ट नंबरची चिठ्ठी छातीशी धरून भिंतीला टेकून झोपला होता. मी नाव न विचारताच आले. वाईट वाटलं, पण त्या दिवशी वाईट वाटण्यासारख्या गोष्टी पुष्कळ होत्या, त्यात ही शेवटची.

मी कादेक रस्मिनी. वय सव्वीस. दिवसा हातमागावर बसते, संध्याकाळी आमच्या आळीच्या बायकांच्या वाद्यवृंदात ढोल वाजवते. आमच्याकडे ढोल जिच्या मांडीवर, बाकीच्या चोवीस जणी तिच्या इशाऱ्यावर, म्हणजे मी तशी म्होरकी. पण महिन्यातले सहा दिवस ही म्होरकी अंथरुणात वळवळत असायची. चौदाव्या वर्षापासून हेच. माझी आई, मेमे, म्हणायची की बाईच्या जातीला हे चुकत नाही. वैद्याने पाला दिला, मांत्रिकाने पाणी दिलं, मावशीने लग्न कर म्हणून सल्ला दिला.

शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. घराच्या आतल्या भिंतीला द्यायचा रंग बाहेर कुंपणावर, झाडांवर उडावा, तसं गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच काही बाहेर जाऊन चिकटलं होतं, आणि दर महिन्याला तेही आतून सुजत होतं. त्यांनी संप्रेरकांची गोळी दिली. रोज एक, ठरल्या वेळी, चुकवायची नाही. आधी काही महिने अधूनमधून डाग पडतील, डोकं दुखेल, रडू येईल, मग बहुधा पाळीच थांबेल आणि दुखणं झोपी जाईल. मुळापासून जाणार नाही, पण झोपेल. गोळी चालू असेतो मूल नाही. थांबवल्यावर होईल का, हे मी विचारलं. बाई खरं बोलणाऱ्या होत्या. अनेकींना होतं, काहींना नाही, तुमचं आत्ता सांगता येत नाही, म्हणाल्या. ‘आधी तुम्ही तर नीट जगा,’ असंही म्हणाल्या. मी मेमेला आजाराचं नाव आणि गोळी एवढंच सांगितलं, पाळी थांबण्याचं आणि मुलाचं गिळून टाकलं.

पंधरा दिवसांनी आमच्या आळीच्या मंडपात वाद्यांचा सूर लावायला माणूस आला. सात महिन्यांवर देवळाचा उत्सव होता आणि पट्ट्या बेसूर झाल्या होत्या. मी ढोल घेऊन आत शिरले, तर तीच रुंद मनगटं एका पट्टीवर कानस फिरवत होती.

“चौसष्ट,” तो म्हणाला.

“एकोणीस,” मी म्हटलं. चोवीस जणींनी एकमेकींकडे पाहिलं. तिथूनच आमच्या आळीला विषय मिळाला.

काम तीन दिवसांचं होतं. त्या तीन दिवसांत त्याने मला समजावलं की एकाच स्वराच्या दोन पट्ट्या कधी तंतोतंत सारख्या लावत नाहीत. एक जराशी चढी, एक जराशी उतरती, तेव्हा कुठे आवाजाला जीव येतो. हे सांगताना तो माझ्या डोळ्यांत पाहत होता. मी विचारलं, “हे वाक्य तुम्ही प्रत्येक गावात म्हणता ना?”

“हो. हे अकरावं गाव.”

“मग? उपयोग झाला कुठे?”

“अजून तरी नाही,” तो कानशीकडे बघत म्हणाला. “पण गाव सोडेपर्यंत आशा सोडू नये.”

चौथ्या दिवशी एक पट्टी बेसूर लागली आणि त्याला परत बोलवावं लागलं. पुढच्या आठवड्यात दुसरी. मग तिसरी. आमच्या म्हातार्‍या गुरुजींनी हवेला दोष दिला. पण माझे कान ढोलकरणीचे. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी त्याला पकडलं. काल माझ्यासमोर सुरात असलेली सातवी पट्टी आज रडते कशी, आणि तिच्या पोटाखाली कानशीचे ताजे ओरखडे कसे?

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्याच्या आजोबा-पणजोबांनी कधी सूर बिघडवला नसेल, आणि हा माणूस परत यायला मिळावं म्हणून चोरून पट्ट्या खरवडत होता. मी म्हटलं, यायचंच असेल तर नुसते या, वाद्यांनी काय घोडं मारलंय?

“नुसता आलो तर… चालेल?”

त्या दिवसापासून मी त्याला ‘ब्ली’ म्हणू लागले. आमच्याकडे ब्ली म्हणजे दादाही, आणि जिच्या मनात जो असेल तोही. म्हणणारीला सोयीचं पडतं.

पहिले दोन-तीन महिने गोळीने माझी परीक्षा पाहिली. कधीही डाग पडत, आणि तशात देवळात जायचं नाही हा आमचा नियम, म्हणून मी देवळाच्या कामावरून एकसारखी सुट्टी मागत होते. डोकं ठणकायचं. एकदा ढोलाची वादी सैल झाली म्हणून मी हमसून हमसून रडले. कोमांग शेजारी बसून राहिला. समजूत घालायला गेला नाही, ते बरं केलं. रडणं थांबल्यावर त्याने वादी आवळून दिली आणि विचारलं की रोज सात वाजता तू काय गिळतेस. मी सांगितलं, पोटदुखीवर आहे, याने पाळी थांबते. मुलाबाळांचं मात्र… जीभ वळलीच नाही. अजून चार दिवस असंच राहू दे, असं मी रोज मनाशी म्हणत होते.

आणि मग एके दिवशी त्याच्या स्कूटरवर मागे बसून बाजारातून येत होते. आमच्या गावच्या वेशीवर एक उंच गतिरोधक आहे. बारा वर्षं मी त्याच्याआधी श्वास रोखून, दात आवळून बसत आले. त्या दिवशी बोलता बोलता स्कूटर त्यावरून धाडकन गेली, आणि काहीच झालं नाही. मी वाट पाहिली. कळ आलीच नाही.

“ब्ली, मागे वळव.”

“काही पडलं का?”

“त्या उंचवट्यावरून परत ने मला.”

त्याने नेलं. परत, म्हटलं. पुन्हा नेलं. आम्ही सात वेळा गेलो. मी त्याच्या पाठीला गच्च धरून मोठ्याने हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चहाच्या टपरीवरचे लोक उठून बघायला आले. सातव्या वेळी त्याने स्कूटर थांबवली आणि मान न वळवता, अगदी हळू विचारलं, “आता कधीच… दुखणार नाही?”

“गोळी आहे तोवर बहुधा नाही.”

तो नुसता “बरं झालं” म्हणाला. पण माझ्या हातांखाली त्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला तो मला कळला. त्या क्षणी मी त्याच्यावर प्रेम करते हे मला पक्कं समजलं. आणि त्याच्यापासून काय लपवलंय, तेही.

इकडे देवळात मेन कार्ती बोटांवर दिवस मोजत होती. कार्तीची आई म्हणून तिला सगळं गाव मेन कार्ती म्हणतं. उत्सवाच्या नैवेद्याचं, फुलांचं, केळीच्या पानांचं बायकांचं सगळं काम तिच्या ताब्यात. कुणाची पाळी कधी आणि कोण कधी सुट्टी घेणार, हे तिच्या डोक्यात पंचांगासारखं पक्कं असतं. माझे डाग बंद झाले आणि मी चार महिने एकही सुट्टी मागितली नाही. रोज हजर. रोज टवटवीत. वर गालही भरलेले. आणि रोज संध्याकाळी एका तरण्याबांड पुरुषाच्या स्कूटरवर. मेन कार्तीने दोन अधिक दोन केले आणि उत्तर आलं बाळ.

मला कुणी काही बोललं नाही. फक्त सगळ्या जणी एकाएकी फार मायाळू झाल्या. कैरीची तिखट कोशिंबीर माझ्यापुढे आपोआप यायला लागली. ढोल उचलायला गेले की कुणीतरी हातातून काढून घ्यायचं. मला वाटलं, आजाराची दया येतेय बिचाऱ्यांना. आमच्याकडे पोट आधी आणि मांडव नंतर, यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. उलट सुनेची कूस भरते एवढं दिसलं की सासरची म्हातारी माणसं निर्धास्त होतात. मेमे मात्र एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मासे आणले, आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की शुक्रवारी कोमांगच्या घरचे मागणी घालायला येतायत. “एवढं होईपर्यंत आईला सांगावंसं वाटलं नाही तुला?” म्हणाली, आणि माझ्या पोटाकडे पाहिलं.

मी तशीच धावत मंडपात गेले. कोमांग एकटाच पट्ट्या पुसत होता.

“माझ्या पोटात काय आहे असं तुझ्या घरच्यांना वाटतं?”

त्याने फडकं खाली ठेवलं. त्याच्या काकांनी गावात ऐकलं आणि त्याला विचारलं होतं. त्याला चांगलं माहीत होतं की असं काही असणं शक्य नाही, आम्ही स्कूटरवरून खाली उतरून कधी एकमेकांचा हात धरला नव्हता. पण तो नाही म्हणाला नाही. त्याच्या आईला नातवंडाची खात्री हवी होती, मुलगी नुसती दाखवली असती तर शंभर प्रश्न आले असते. आयतं दार उघडलं, तर हा आत शिरला. लग्नानंतर सांगू की टिकलं नाही… असा त्याचा बेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या रागातच मी गिळून ठेवलेलं सगळं ओकले. गोळी चालू असेतो मूल नाही, आणि नंतरही होईलच असं कुणी सांगू शकत नाही.

त्याने फडकं उचलून पुसलेलीच पट्टी पुन्हा पुसली. मग म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही, रस्मिनी. पण… शुक्रवारी हे बोलू नकोस. माझ्या आईसमोर नको.”

चार महिने ज्या वाक्याला मी भीत होते, ते असं आलं. मी पाठ फिरवून घरी गेले.

शुक्रवारी चौदा माणसं आली. विड्याची पानं, फळं, तांदळाच्या मिठाया, झाकलेल्या टोपल्या. काका गोड गळ्याचे होते. झाडाला फूल आधीच आलंय, आता नुसतं कुंपण घालायचं, असं काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. कोमांगची आई एका कोपऱ्यात ताठ बसली होती. सुकलेली, बारीक बाई. ती हसली नाही. कोमांगने माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. नको.

खोटं सांगणं अवघड नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. एका गप्प राहण्यात नवरा, घर, मेमेचा आनंद, सगळं पदरात पडत होतं. पण मग आयुष्यभर माझं दुखणं पुन्हा चोरूनच दुखणार होतं. बारा वर्षं मी ते केलं होतं. पुरे झालं.

“माझ्या पोटात बाळ नाही,” मी म्हटलं. “मी आजारी आहे. औषधाने माझी पाळी थांबलीय, म्हणून मी सुट्टी घेतली नाही. बरी होतेय. पण पुढे मूल होईल की नाही ते मला ठाऊक नाही. हे माहीत असून मला न्यायचं असेल तर न्या.”

मेमेने तोंडाला पदर लावला. काका उठले, मग सगळेच उठले. टोपल्या जशा आल्या तशा गेल्या. कोमांगची आई दारात क्षणभर थांबली, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि गेली. कोमांग शेवटचा होता. मी दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडले. त्या रडण्याचा दोष गोळीच्या माथी मारता आला नाही.

पाच दिवसांनी उत्सव. दोनशे दहा दिवसांतून एकदा येणारा. गेले दोन उत्सव मी देवळाच्या भिंतीबाहेर, नारळाखाली पोट धरून बसून काढले होते. आत माझ्या जागी कुणीतरी ढोल वाजवायचं आणि मी बाहेर मांडीवर ताल धरायची. या खेपेला मी न्हाले, केसांत चाफा माळला, कंबरेला पिवळी पट्टी बांधली, आणि सगळ्या गावाची कुजबुज पाठीवर घेत ताठ मानेने देवळाच्या आतल्या चौकात गेले. ढोल मांडीवर घेतला. चोवीस जणी माझ्या हाताकडे बघत होत्या.

पहिला ठोका पडला आणि चोवीस जणी एकदम माझ्यामागे धावल्या. काय वाजलं त्या दुपारी! समुद्रावरून देवांच्या पालख्या परतत होत्या, उदाचा धूर डोळ्यांत जात होता, आणि मी वाजवत होते. दोन तास. कमरेत कळ नाही, पायांत गोळे नाहीत. हे शरीर माझं होतं, माझ्या हातात होतं. कोमांग गेला तर गेला, असं मला अगदी खरोखर वाटलं… निदान दुसऱ्या तासाच्या मध्यापर्यंत तरी.

थांबून ढोल बाजूला ठेवला. कुणीतरी पाण्याचं भांडं पुढे केलं. वर पाहिलं, तर कोमांगची आई. एकटीच आली होती. माझ्याशेजारी पायरीवर बसली.

“किती वर्षं दुखत होतं?” तिने विचारलं.

“बारा.”

“मला एकोणतीस वर्षं.” ती पालख्यांकडे बघत होती. “पाळी गेली तेव्हा थांबलं. नाव काय त्याचं, कुणी सांगितलं नाही. गोळी तर सोडच. मला मूल झालं नाही, मुली. कोमांग माझ्या धाकट्या दिराचा. अकरा दिवसांचा होता, तेव्हा देवांसमोर आम्ही तो मागून घेतला.”

कोमांग म्हणजे आमच्याकडे तिसऱ्या मुलाचं नाव. ज्याच्या घरी दुसरं भावंडच नाही त्याचं नाव कोमांग कसं, हे इतक्या महिन्यांत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

“वांझ, वांझ म्हणून मला फार बोलले गं लोक. म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं, मूल होईल अशीच बघ. मी ऐकलं ते माझ्या घरात परत कुणी ऐकू नये एवढंच होतं. त्याला वाटलं, तू त्या दिवशी बोललीस तर मला ते सगळं पुन्हा लागेल. लागलंच. पण चौदा माणसांसमोर जे मला एकोणतीस वर्षांत बोलता आलं नाही, ते तू पाच मिनिटांत बोललीस.” तिने माझ्या हातातलं रिकामं भांडं काढून घेतलं. “आमच्या घरात गप्प बसणारी माणसं पुष्कळ झाली. एक बोलणारी दे आम्हाला.”

तिने मानेने दरवाज्याकडे खूण केली. तिथे कोमांग उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला पांढरा रुमाल, आणि चेहरा असा की नुकताच मार खाल्लाय. मी उठून त्याच्याजवळ गेले.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “काकांना हो म्हणालो, तुझ्या घरी निरोप पाठवला, माझ्या आईला सांभाळलं… तुला तेवढं विचारलं नाही.”

“मग विचार.”

“इथे? सगळे बघतायत.”

“तुझ्या काकांनी सगळ्यांसमोरच मागितलं होतं.”

त्याने घसा खाकरला. मेन कार्ती हातातली केळीची पानं खाली ठेवून सरळ कान देऊन उभी राहिली.

“रस्मिनी, मूल झालं तर आपलं, नाही झालं तर… मी कुणाचा कोण, ते तुला आता माहीत आहे. गोळी कधीपर्यंत घ्यायची ते तू ठरव, तुझ्या डॉक्टरीणबाई ठरवतील. मला तू हवी आहेस. एवढंच पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. माझ्याशी लग्न करशील?”

त्याचे डोळे भरले होते, माझेही. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी त्याला जरा छळीन, चार दिवस तंगवीन. ते काही जमलं नाही.

“करीन,” मी म्हटलं. “पण अर्धा तास थांब. अजून एक चीज वाजवायची आहे.”

आणि मी आत गेले. त्या दुसऱ्या चिजेची लय मी जरा जास्तच चढी धरली, असं गुरुजी नंतर म्हणाले. त्यांना नाही कळायचं. पुढच्या उत्सवाच्या आत आमचं लग्न झालं. मांडवात मेन कार्ती प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत होती की नवरी गरोदर नाही, मुलाने नुसतीच आवडली म्हणून केलीय. आमच्या आळीने असं लग्न बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे म्हातारीकोतारीसुद्धा लांबून लांबून बघायला आली.